लोखंडी शिडीवरचे तीन ठोके

टॅकोमा, वॉशिंग्टन
११ जानेवारी २०२५

चि. रवींद्र,

आशीर्वाद आहेत. रागावले म्हणून ते परत घेता येत नाहीत, नाहीतर या वेळी घेतले असते.

पत्र लिहिते आहे कारण फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि व्हॉट्सॅपवर मी तुला गुरुवारपासून ब्लॉक केलं आहे. वीणाला केलेलं नाही. पण तिच्याकरवी निरोप पाठवू नकोस. ती तुझी बायको आहे, पोस्टमन नाही.

झालं ते असं. बुधवारी गसचा फोन आला. गस म्हणजे आमच्या डायव्हर लोकांच्या सर्व्हे गटाचा प्रमुख, पूर्वी फेरीबोटीचा कप्तान. म्हणाला, "लिनी, तुझ्या भावाचा फोन आला होता. भला माणूस आहे. काळजीत आहे." इथे मी लिनी आहे, मृणालिनी त्यांच्या तोंडात मावत नाही. मग त्याने सांगायचं ते सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरचा लेखी होकार मिळेपर्यंत मी पाण्यात उतरायचं नाही. एका डॉक्टरने शंका काढल्यावर त्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही. गसवर माझा राग नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि इतक्या गोडीने सांगितलं नसतं.

राग तुझ्यावर आहे. नवीन वर्षाच्या फोनवर मी म्हटलं होतं की पाण्यातून वर येताना दोनदा छातीत फडफडल्यासारखं झालं. बहीण म्हणून भावाला सांगितलं. तू ते डॉक्टर म्हणून गसला सांगितलंस. त्याचा नंबर तुला आणीबाणीसाठी दिला होता. कसली आणीबाणी होती? मी स्वयंपाकघरात उभी राहून मेथी निवडत होते.

तुला हा अडुसष्ट वर्षांच्या विधवेचा छंद वाटतो. "ताईचं पोहणं" म्हणतोस. मग एकदाच नीट वाच.

माझ्या घरापासून जवळ हॅलव्हर्सन रीफ नावाची खडकांची रांग आहे, जुन्या लाकडी धक्क्यापासून थोडी पुढे, पाण्याखाली पंधरा मीटर. पाणी आत्ता आठ अंश. त्या खडकांवर हिवाळ्यात कॅबेझॉन नावाचा मासा घरटं करतो. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर थांबतो. अंडी फुटेपर्यंत तो त्यांच्यावर बसून असतो, टक्कल पडलेल्या हेडमास्तरासारखं तोंड करून. आपण हातभर अंतरावर गेलो तरी हलत नाही. म्हणून त्याला मारणं सोपं, आणि म्हणूनच वरून नांगर आला तरी तो तिथेच सापडणार.

शेजारच्या मरिनाला, म्हणजे खाजगी बोटींच्या तळाला, नेमक्या त्या खडकांवर बोटी बांधायच्या आहेत. बोटीला नांगर, नांगराला साखळी, आणि साखळी लाटेबरोबर तळ खरवडत राहते. निर्णय राज्य सरकार एप्रिलमध्ये देणार. त्याआधी त्यांना सलग तीन हिवाळ्यांची मोजणी हवी. दोन झाल्या. तिसरी आत्ता, मार्च संपायच्या आत. ती झाली नाही तर आधीच्या दोन्ही वाया, आणि साखळ्या येणार.

डायव्हर एकटा उतरत नाही. जोडीनेच उतरायचं, हा आमचा पहिला नियम. आणि ही अंडी ओळखणारी आमच्या गटातली जोडी एकच: डनीस आणि मी. डनीस शाळेची बस चालवायची, आता निवृत्त आहे. अंडी कधी जांभळी, कधी हिरवट, कधी खडकाच्याच रंगाची असतात. नवख्याला ते शेवाळ वाटतं.

तेव्हा तू बहिणीला थांबवलंस असं समजू नकोस. तू मोजणी थांबवलीस.

हृदयाची डॉक्टर मी शोधली आहे. मंगळवारी जाते. जो निकाल येईल तो तुला कळवीन, कारण पाठीमागून काही करायची मला सवय नाही.

— मृणालिनी


टॅकोमा
३० जानेवारी

चि. रवींद्र,

रक्तदाबाचं यंत्र मिळालं. मी वापरलेलं नाही. डनीसने वापरलं. तिचा जास्त निघाला आणि तिने दोष यंत्राला दिला.

वीणाचाही फोन आला. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं की तू हल्ली जेवणावरून उठून गॅरेजमध्ये जाऊन बसतोस. तुमच्या एडिसन गावच्या जानेवारीत, गॅरेजमध्ये. बसायचंच असेल तर कानाला काही बांध. कानाच्या डॉक्टरला हे बहिणीने सांगायची वेळ यावी.

माझ्या छातीवर एक मॉनिटर चिकटवलेला आहे. दोन आठवडे ठेवायचा. आंघोळीला चालतो, समुद्राला नाही. तोवर मी धक्क्यावरची राखण करते. हे काम काय असतं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगते.

कोणी पाण्यात गेलं की वर एक माणूस थांबतो. तो बुडबुड्यांवर नजर ठेवतो. धक्क्यावरून एक लोखंडी शिडी पाण्यात उतरते, आणि तिच्याशेजारी एक लोखंडी पाइप असतो. वरच्या माणसाने पाइपने शिडीवर तीन ठोके मारले की खालच्यांनी काम टाकून वर यायचं. पाण्यात लोखंडाचा आवाज लांबवर जातो. खालच्यांकडे ठोके नाहीत, अंगठा आहे. जोडीतल्या कोणीही अंगठा वर केला की दोघांनी वर यायचं. कोणीही, कधीही, कारण न सांगता. वर आल्यावरही कारण विचारायचं नाही. जो विचारेल त्याने सगळ्यांना सूप पाजायचं.

पाइपला क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप चढवलेली आहे. गसला वाटतं हा काही खास भारतीय प्रकार आहे. ती प्रल्हादने चढवली. मी पाण्यात असताना तो त्या धक्क्यावर घडीच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसायचा, आणि थंडीत लोखंड हातात धरवत नाही म्हणून त्याने घरातली जुनी ग्रिप आणून चढवली. अजून घट्ट आहे. त्याच्या हातचं काम कधी सैल पडलं नाही.

माझ्या जागी सध्या देवांग नावाचा मुलगा डनीसबरोबर उतरतो. मुलगा म्हणजे पस्तिशीचा, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. पोहतो उत्तम, कॅमेरा त्याहून उत्तम. मला मावशी म्हणतो. डनीसला एकदा आंटी म्हणाला. तिने नुसतं बघितलं, परत म्हणाला नाही. पण त्याची पाटी बघून मी कपाळाला हात लावला. आम्ही खाली प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहितो. तळाशी मोजपट्टी अंथरायची, तिच्या दोन्ही बाजूंनी एकेकाने जायचं, आणि प्रत्येक टप्प्यात किती घरटी ते लिहायचं. देवांगच्या पाटीवर अर्धे टप्पे रिकामे. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "तिथे काही नव्हतंच ना, मावशी."

मी म्हटलं, "नव्हतं तर शून्य लिही. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि नव्हतं. रिकामं म्हणजे मी पाहिलंच नाही. दोन्ही चालतं. पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही."

त्या दिवसाची मोजणी रद्द. काउंटीच्या सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी हेच सांगत आले. तिथे उलट नवीन माणसांना न बघितलेल्या नमुन्यासमोर शून्य लिहायचा मोह व्हायचा.

मला एकदा पाइप वाजवावा लागला. बाकी ठीक.

— मृणालिनी


टॅकोमा
१७ फेब्रुवारी

चि. रवींद्र,

निकाल. माझं हृदय अधूनमधून एखादा ठोका जास्तीचा टाकतं. या वयात अनेकांचं टाकतं. पट्ट्यावर पळवलं, इको केला. रचना ठीक, रक्तपुरवठा ठीक. डॉक्टरीणबाईने लेखी होकार दिला आणि दोन अटी घातल्या: कॉफी निम्मी करायची, आणि पाण्यात फडफडलं तर पुढे न जाता वर यायचं. पहिली अट जड आहे. होकार गसच्या हातात दिला. शनिवारपासून मी पाण्यात.

हे पत्र इथेच संपवणार होते. मग तुझं पत्र आलं. एवढंच: "ताई, माझं चुकलं असेल. पण तीच चूक मी परत करू शकत नव्हतो."

कोणती चूक ते तू लिहिलं नाहीस. मग मी लिहिते.

गुढीपाडवा. मंडळाचं जेवण सिॲटलला. परत येताना प्रल्हाद म्हणाला, छातीत जळजळतंय आणि खांदा अवघडलाय. घरी आल्या आल्या मी तुला फोन लावला. तू कान-नाक-घशाचा डॉक्टर. तरी आपल्या घरात आईच्या मोतीबिंदूपासून मामांच्या गुडघ्यापर्यंत सगळं तुलाच विचारायची पद्धत. कोणी डॉक्टरकडे जात नाही, सगळे रवीला फोन करतात. आणि तूही कधी कोणाला म्हणाला नाहीस की हे माझं काम नाही.

फोन स्पीकरवर होता. तू विचारलंस, "भावजी, श्रीखंड किती वाट्या?"

प्रल्हाद म्हणाला, "तीन. तुझी ताई बघत होती, नाहीतर चार."

तू हसलास. म्हणालास, "मग ॲसिडिटीची गोळी घ्या आणि जरा पडा."

तो पडला. मी चहा टाकला. चहाला हाक मारली तेव्हा तो उठला नाही.

तू मिळेल त्या विमानाने आलास. कागदपत्रं केलीस, लोकांना फोन केलेस, माझ्यासाठी खिचडी केलीस, आणि ती करपवलीस. त्या फोनबद्दल तू काही बोलला नाहीस. मीही नाही. सात वर्षं झाली. लोक म्हणतात, दोष कोणाचाच नव्हता, आणि मी मान हलवते. तुला खरं सांगते. मी तुला दोष दिला. दर पाडव्याला दिला. आणि दर दिवाळीला तुला चकल्या पाठवल्या. दोन्ही मनापासून.

देवांगला जे सांगितलं तेच तुला सांगते. त्या दिवशी तू देशाच्या दुसऱ्या टोकाला एडिसनमध्ये होतास आणि तो टॅकोमात. तू त्याला पाहिलं नव्हतंस. तिथे तुला रिकामी जागा सोडायची होती. "मला इथून कळत नाही, हॉस्पिटलला न्या," एवढं म्हणायचं होतं. तू शून्य लिहिलंस.

आणि या जानेवारीत तू मलाही पाहिलं नव्हतंस. या वेळी शून्याऐवजी मोठा आकडा लिहिलास, आणि परस्पर गसकडे पाठवलास. तुला वाटलं, आपण उलटं वागलो म्हणजे सुधारलो. उलटं नाही वागलास. दोन्ही वेळा न बघता लिहिलंस.

हे वाचून तू परत गॅरेजमध्ये जाऊन बसशील. बस. पण हे मी बोलले नसते तर आपण दोघं मरेपर्यंत रक्तदाबाविषयी बोलत राहिलो असतो.

शनिवारी हवा चांगली आहे.

— मृणाल


टॅकोमा
१० मार्च

चि. रवींद्र,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते. पोस्टमनने मात्र दोनदा विचारलं.

मोजणीचं सांगते. दोन शनिवारांत आम्ही जवळजवळ सगळी रीफ उरकली. घरटी आहेत, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी नाहीत. एका नराने डनीसच्या हातमोज्याला चावा घेतला. ती पाण्याखाली हसली आणि तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. राहिली होती ती फक्त पूर्वेकडची कपार. तिथे घरटी सगळ्यांत दाट असतात, आणि मरिनाच्या नकाशात पहिला नांगर तिथेच आहे.

परवा त्यासाठी उतरलो. भरती थांबून ओहोटी लागायच्या मधे पाणी जेमतेम थोडा वेळ स्थिर असतं, तेवढ्यात काम करायचं. पट्टी अंथरली. डनीस डावीकडे, मी उजवीकडे. पाणी स्वच्छ होतं, पांढरी समुद्रफुलं पूर्ण उमललेली. पहिलं घरटं, दुसरं घरटं, मग एका टप्प्यात काही नाही, शून्य लिहिलं. मग कपार सुरू झाली आणि तिथे एक थोराड नर बसला होता, जांभळ्या अंड्यांच्या ढिगावर. माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, हा गेल्या वर्षीचाच. तसं ओळखता येत नाही, पण वाटलं.

तेव्हा छातीत फडफडलं.

मी थांबले. खडकाला धरलं, श्वास लांब घेतला. परत फडफडलं. पट्टीचं टोक मला दिसत होतं, रवींद्र. पिवळं टोक, शिशाच्या वजनाला बांधलेलं. तिथवर जाऊन यायला फार वेळ लागला नसता. एवढ्यासाठी तीन हिवाळे घालवले होते. समोर तो मासा, काही झालं तरी न हलणारा. आणि मला वाटलं की हललेच नाही तर काय होईल. मग वाटलं, त्याला जायला दुसरी जागा नाही. मला आहे.

मी अंगठा वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. डनीसने बारा वर्षांत माझा अंगठा पाहिला नव्हता. तिने लगेच स्वतःचा दाखवला, पट्टी तिथेच सोडली, माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही सावकाश वर आलो. मध्ये थांबायचं तिथे थांबलो. शिडीला हात लागला तोवर फडफड गेली होती.

कोणी काही विचारलं नाही. गसने टॉवेल दिला. देवांगने तोंड उघडलं आणि मिटलं. पाटीवर उरलेल्या टप्प्यांपुढे मी आडवी रेघ मारली आणि लिहिलं: पाहिलं नाही. शून्य लिहिलं नाही, गेल्या वर्षीचा आकडा लिहिला नाही. तसं लिहिणारी माणसं असतात. नंतर सगळे सूप प्यायला गेलो, बिल डनीसने दिलं. मी म्हटलं, नियमाप्रमाणे विचारणारा पाजतो, तू तर काही विचारलं नाहीस. म्हणाली, "मनात विचारलं. सूप पी, लिनी, आणि गप्प बस."

हे मी तुझ्यामुळे केलं असं समजू नकोस. अंगठा माझा होता. तुझ्या फोनला भिऊन वर आले असते तर परत उतरले नसते.

आज डॉक्टरकडे जाऊन आले. मॉनिटर परत चिकटवला आहे. ईसीजीत तेच जास्तीचे ठोके, नवीन काही नाही. कॉफी आता निम्म्याची पाव.

काल कपार मोजून झाली. मी नाही, डनीस आणि देवांगने. त्याआधी परवा संध्याकाळभर मी त्याला माझ्या स्वयंपाकघरात बसवून फोटो दाखवत होते: हे शेवाळ, ही अंडी, हे शेवाळ, ही अंडी. कंटाळून म्हणाला, मावशी, मला स्वप्नात जांभळं दिसेल. म्हटलं, दिसू दे. काल त्याच्या पाटीवर एकही जागा रिकामी नव्हती. त्या थोराड नराचं घरटं त्याने बरोबर टिपलं, आणि त्याच्या मागच्या भेगेतलं आणखी एक, जे डनीसलाही आधी दिसलं नव्हतं. मोजणी पूर्ण झाली.

मी धक्क्यावर होते. पाइप मांडीवर.

आता जानेवारीतली एक गोष्ट. तेव्हा लिहिलं होतं की एकदा पाइप वाजवावा लागला. "वाजवावा लागला" हे खरं नाही. त्या दिवशी डनीस आणि देवांग खाली होते. समुद्र शांत, आकाश नेहमीसारखं राखाडी. कुठून बोट येत नव्हती. बुडबुडे दिसत होते. दोघांचे, वेगवेगळे, अगदी स्पष्ट. तरी मी पाइप हातात घेतला. मी त्यांच्याबरोबर नव्हते, खाली काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, आणि मला एकदम ते सहन होईना. मी उठून तीन ठोके मारले.

दोघं वर आले. काम अर्धं टाकून, गारठून. देवांगने इकडेतिकडे बघितलं, कुठे काही नाही. डनीस शिडीवर लटकून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे पाय तसेही बधिर झाले होते." एवढंच. तिचे पाय कधी बधिर होत नाहीत.

तेव्हा तू गॅरेजमध्ये बसून काय करतोस ते मला कळलं. लिहायला मार्च उजाडला.

— मृणालताई


टॅकोमा
१९ एप्रिल

चि. रवींद्र,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यातलं पहिलं पान मी परत परत वाचलं. बाकीच्या पानांत तू स्वतःला जेवढी शिक्षा करतोस तेवढी मी तुला दिलेली नाही, तेव्हा ती पानं पुढच्या वेळी लिहू नकोस. प्रल्हादच्या त्या फोननंतर तू फोनवर कोणालाच औषध सांगत नाहीस, नातेवाईक नाराज झाले तरी, हे मला माहीत नव्हतं. मामा म्हणाले होते की रवीला आता गर्व झालाय. मी त्यांना काल फोन करून सरळ केलं.

राज्य सरकारचा निर्णय आला. मरिनाला तिथे नांगर टाकता येणार नाहीत. पत्रात "सध्या" असा शब्द आहे. पुढच्या हिवाळ्यात परत मोजणी मागितली आहे, मग परत विचार. डनीस त्या शब्दावर चिडली. मी म्हटलं, "सध्या" तर "सध्या". आपण मोजत राहायचं. देवांगने आणखी दोघांना आणायचं कबूल केलं आहे. त्यांना मी स्वयंपाकघरात बसवणार आहे.

सुनावणीला मी बोलले. मरिनाच्या वकिलाने विचारलं की एके दिवशी मोजणी मध्येच का थांबली, त्या दिवशीचे काही टप्पे का भरलेले नाहीत. मी म्हटलं, कारण त्या दिवशी आम्ही ते पाहिले नाहीत. पुढच्या दिवशी पाहिले, आणि भरले. समितीतल्या एका बाईने तेवढंच लिहून घेतलं. नंतर बाहेर मला म्हणाली की न पाहिलेलं न पाहिलेलं म्हणून लिहिणारी माणसं तिला फार भेटत नाहीत.

मी पाण्यात आहे. डॉक्टरीणबाईची परवानगी आहे, अटी त्याच आहेत. अंगठा लागला तर परत वर करीन. ते आता जमतं.

जूनमध्ये केल्पची मोजणी आहे. केल्प म्हणजे समुद्रातली उंच झाडासारखी वाढणारी वनस्पती. कॅबेझॉनची पिल्लं तिच्यात लपतात. तू ये. वीणालाही आण, पण तिला धक्क्यावर बसवू नकोस, तिला थंडी सोसत नाही. ती घरी डनीसला पुरणपोळी शिकवील. डनीस कधीपासून मागे लागली आहे. रक्तदाबाचं यंत्र दुसरं आणू नकोस. माकडटोपी आण. जून असला तरी पाण्यावरचा वारा कानात शिरतो, हे तुला सांगायला नको.

विमानतळावर मी घ्यायला येईन. प्रल्हादविषयी काही बोलायचं असेल तर गाडीत बोलू, तासभर मिळतो. मध्येच बोललास तरी चालेल. धक्क्यावर मात्र बोलायचं नाही, तिथे काम असतं.

घडीची खुर्ची तीच आहे. पाइप तुझ्या हातात देईन, ग्रिपचा गुळगुळीत भाग वरच्या बाजूला धर. बुडबुडे दिसेनासे झाले तर वाजव. दिसत असतील आणि तरी भीती वाटली, तरी वाजव. तीन ठोके ऐकले की मी वर येईन, आणि का वाजवलास ते विचारणार नाही. फक्त तो एडिसनहून वाजवता येत नाही. त्यासाठी इथे येऊन गारठ्यात बसावं लागतं.

— ताई